पातळ हात

कामणमध्ये लाकडाला पॉलिश करायचं तर आधी महिना बघावा लागतो. मृगाच्या पहिल्या सरीपासून दसऱ्यापर्यंत इथली हवा ओलीच असते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पाठीशी तुंगारेश्वराचे डोंगर आणि कामणदुर्ग, दक्षिणेला वसईची खाडी, आणि मधल्या पट्ट्यात आमचं गाव. या दिवसांत दारं फुगून चौकटीत अडकतात, मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या पुस्तकांना बुरशीचा वास येतो. मी तेव्हा पटाशांना धार लावतो, खुंट्या कोरतो, लाकडं हवा खेळेल अशी सुटी सुटी रचून ठेवतो. पॉलिशच्या बाटलीचं बूच मात्र काढत नाही. भातं कापून झाली, दिवाळी उलटली, पूर्वेकडून डोंगरावरचा कोरडा वारा उतरायला लागला की आमचे पॉलिशचे दिवस येतात. ते होळीपर्यंत टिकतात.

यंदा त्या दिवसांत माझ्या बाकावर एक तंबोरी आहे. तंबोरी म्हणजे लहान तंबोरा. हिला भोपळा नाही. चपट्या लाकडी पोटाची, दिवा-वसई गाडीच्या गर्दीतही अंगाशी धरून नेता येईल अशी. पोट आणि तबली, म्हणजे पोटावरची फळी, तुणीच्या लाकडाची. मिरजेचे कारागीर पिढ्यानपिढ्या हे लाकूड वापरत आले आहेत, कारण ते हलकं असतं, त्याच्या रेषा सरळ जातात आणि टिचकी मारली तर ते बोलतं. दांडी जुन्या सागाची. वसईतल्या एका पाडलेल्या घराच्या तुळईतून काढलेली. कोरून, जोडून, घासून झालं आहे. लाकूड उघडं आहे, आणि उघडं लाकूड हाताचा घाम, धूळ, दमट हवा सगळं पिऊन घेतं. त्याला आता आवरण हवं. किती हवं, एवढाच प्रश्न आहे, आणि माझ्या मते वाद्य घडवण्यातला सगळ्यात अवघड प्रश्न तोच आहे.

टेबलाच्या पॉलिशवर गरम कप ठेवायचा असतो, दाराच्या पॉलिशला ऊन-पाऊस झेलायचा असतो. तिथे जाड थर हा गुण ठरतो. तंबोऱ्याची तबली काही मिलिमीटर जाडीची फळी असते आणि तारेच्या बारीकशा थरथरीने तिला हलायचं असतं. तिच्यावर चढवलेला प्रत्येक थर म्हणजे तिने उचलायचं वजन. शिवाय आवरण मऊ असेल तर ते कंप स्वतःतच जिरवतं. आवाज मुका होत नाही, पण त्याची किनार जाते. तार छेडल्यावर स्वर जितका वेळ रेंगाळायला हवा तितका रेंगाळत नाही. घोडीवर तर पॉलिशचा थेंबही पडू देत नाहीत. तिचा माथा कानशीने घासून घासून जवारी काढलेली असते, तार तिथे पुसटशी टेकते आणि त्या पुसट टेकण्यातूनच तंबोऱ्याचा भरलेला, फुलणारा स्वर निघतो. पोटाच्या आतली बाजूही कोरीच ठेवतात. म्हणजे वाद्याचं रक्षण करायचं ते बाहेरून, आणि तेही त्याच्या आवाजाच्या आड न येता.

हे साधणारे दोन जुने मार्ग आहेत, दोन्ही फडक्याचे. पहिला लाखेचा. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे कीटक रस पितात आणि अंगाभोवती राळेचं कवच तयार करतात. झारखंड, छत्तीसगडबरोबर आपल्या गोंदिया-गडचिरोलीतही लाख निघते. ती धुऊन, वितळवून, पातळ पापुद्र्यांसारखी ताणली की चपडा होतो. चपडा रात्रभर स्पिरीटमध्ये भिजत घातला की सकाळी मधाच्या रंगाचं पाणी मिळतं. ते कापडातून गाळायचं, कापसाचा बोळा मलमलीत बांधायचा, त्याला पॉलिश पाजायचं आणि लाकडावर फिरवत राहायचं. स्पिरीट उडून जातं, लाख मागे राहते. सुतारांमध्ये हेच फ्रेंच पॉलिश म्हणून ओळखलं जातं. लाखेचं पॉलिश ताजंच वापरावं लागतं. फार दिवस भिजलेलं असेल तर ते लाकडावर जातं, पण कडक होत नाही, नखाला लागत राहतं.

दुसरा मार्ग तेलाचा. जवसाचं उकळलेलं तेल, त्यात थोडं वार्निश, थोडं टर्पेंटाईन. फडक्याने लावायचं, लाकडाला प्यायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची, आणि मग कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढायचं. ओल्या फडक्याने पुसलेल्या फरशीवर जेवढं पाणी राहतं तेवढंच तेल लाकडावर राहायला हवं. नवख्या माणसाला हे पुसणं नको वाटतं. लावलेलं काढायचं कशाला, असं वाटतं. पण राहिलेलं जास्तीचं तेल वर साय धरतं, खाली ओलंच राहतं, आणि ती साय पुढे कधीच नीट कडक होत नाही. काम लावण्यात कमी आणि पुसण्यात जास्त आहे.

फडकं सुती हवं, जुनं हवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं हवं. नव्या कापडात खळ असते आणि त्याचे धागे सुटतात. जुन्या धोतराचं कापड सगळ्यात उत्तम. त्याची चौपदरी घडी करून तर्जनीभोवती गुंडाळायची, दुसरं टोक मुठीत धरायचं. तबलीवर हात नेहमी रेषेच्या दिशेने जातो, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता. गळ्याशी, जिथे पोट दांडीला मिळतं, तिथे खोबणीत तेल साचतं. ते फडक्याच्या टोकाने टिपून घ्यावं लागतं. उजेड खिडकीतून तिरपा यायला हवा. वरून दिव्याचा उजेड पडला तर सगळं सारखंच चमकतं. तिरप्या उजेडात कुठे ओलं राहिलं, कुठे फडकं पोचलंच नाही, ते लगेच दिसतं. पहिला हात पडतो तेव्हा तुणीचा फिकट तांबूस रंग एका क्षणात खोल होतो. लाकडातल्या रेषा वर येतात, इतके दिवस हाताळूनही न दिसलेला एखादा वळसा दिसतो. लाकूडकामातलं इतकं निखळ सुख दुसरं मला माहीत नाही.

मग वाळणं. लाखेचं आणि तेलाचं वाळणं या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत. लाखेचं पॉलिश वाळतं म्हणजे त्यातलं काहीतरी निघून जातं. स्पिरीट उडतं, काही मिनिटांत बोट टेकवता येतं, दिवसभरात अनेक हात चढवता येतात. आणि त्यावर पुन्हा स्पिरीट पडलं तर लाख पुन्हा विरघळते. तेल वाळतं म्हणजे त्यात काहीतरी येऊन मिळतं. टर्पेंटाईन उडून गेल्यावर जवसाचं तेल हवेतला प्राणवायू ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा होतो. या क्रियेत तेलाचं वजन घटत नाही, वाढतं. आपण त्याला वाळणं म्हणतो, पण खरं तर ते तेल तेल राहिलेलंच नसतं. पुन्हा टर्पेंटाईन लावून ते सुटत नाही. ही क्रिया उष्णताही सोडते. सपाट लाकडावर ती जाणवत नाही, पण तेलाची फडकी चुरगाळून ढीग करून ठेवली तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. म्हणून काम संपलं की फडकी दोरीवर मोकळी पसरायची किंवा पाण्यात बुडवायची. हा नियम माझ्या खोलीत कधी मोडत नाही.

लाखेच्या आड पाणी येतं. पावसाळ्यात स्पिरीट झपाट्याने उडताना लाकडाचा वरचा भाग गार करतं, हवेतली वाफ तिथे बसते आणि पॉलिशवर दुधाळ पांढुरकी झाक येते. तेलाच्या आड ओल आणि गारठा दोन्ही येतात; वाळायला एक दिवस लागायचा तिथे अनेक दिवस लागतात आणि चिकट तेलावर धूळ बसत राहते. धुळीची आम्हाला वर्षभर काळजी. चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरून कंटेनर आणि डंपर रात्रंदिवस जातात आणि कोरड्या दिवसांत ती धूळ खिडकीच्या गजांवर बोटाने लिहिता येईल इतकी बसते. पहाटे धूळ खाली बसलेली असते, पण तेव्हा दव असतं. म्हणून मी दव आटल्यावर, खोली ओल्या फडक्याने पुसून, खिडकीला पातळ कापड लावून तेलाला हात घालतो. हवा आत यायला हवी, कारण तेलाला ती लागते. धूळ यायला नको.

दोन लाकडं एकत्र असली की वाळणं डोळ्यांना दिसतं. एकाच सकाळी, एकाच फडक्याने, एकाच वाटीतलं तेल तुणीच्या तबलीवर आणि सागाच्या दांडीवर फिरवलं, तर दुसऱ्या दिवशी तबली कोरडी असते आणि दांडी बोटाला धरते. सागात त्याची स्वतःची तेलकट द्रव्यं असतात. त्यांच्यामुळेच साग पाण्यात टिकतो, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. पण तीच द्रव्यं जवसाच्या तेलाला प्राणवायूशी लवकर जुळू देत नाहीत. शिसवीचंही तसंच. म्हणून दांडीला तेलाऐवजी लाखेचा हात बरा, किंवा तेलच द्यायचं तर दांडीचा वेळ वेगळा मोजायचा. तबली तयार आहे म्हणून वाद्य तयार आहे असं होत नाही.

वाळलं की नाही हे घड्याळ सांगत नाही. बोटाची मागची बाजू टेकवून बघायची. ती पुढच्या बाजूपेक्षा कोरडी असते आणि डाग पाडत नाही. नाक जवळ नेऊन बघायचं. जवसाचा वास येत असेल तर आत अजून ओल आहे. आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे चारशे नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून बघणं. पांढरी बारीक पूड निघाली तर वाळलं. पेपरवर चिकट गोळ्या जमल्या तर पेपर खाली ठेवायचा आणि परत यायचं ते दुसऱ्या दिवशी.

आमच्याकडे रस्त्याच्या कडेने औद्योगिक गाळे आहेत, त्यांतल्या काहींत फर्निचरचं काम चालतं. तिथला एक तरुण मुलगा माझ्याकडे अधूनमधून येतो. तंबोरी बघून तो म्हणाला, "काका, स्प्रे मारून देऊ का? तासाभरात हाताला लागणार नाही." तो मनापासून बोलत होता, आणि त्याच्या कामात तो तरबेज आहे, सोफ्याचे हात, कपाटाची दारं तो आरशासारखी करतो. मी त्याला तबलीला कान लावून टिचकी मारायला सांगितली, मग त्याच्याच गाळ्यातून आणलेल्या, स्प्रे मारलेल्या तशाच जाडीच्या तुणीच्या तुकड्यावर. तो दोन्ही पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. "हा बंद आहे," तो म्हणाला. मी सांगितलं असतं त्याहून नेमकं त्याने सांगितलं.

फडक्याने लाकूड चमकवण्याची ही विद्या आणि तंबोरा यांची महाराष्ट्रातली गाठ मिरजेला पडली. तिथले सितारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-कट्यारींना धार आणि झिलई देणारे. पेशवाई संपली, हत्यारांची मागणी ओसरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांच्या घराण्याने पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्यं घडवायला घेतली. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले. स्वरांच्या बाबतीत तडजोड न करणाऱ्या या गवयाचा कान तिथल्या तंबोऱ्यांना लाभला. १९३७ साली ते गेले, मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना विसावा मिळाला. पंढरपूरच्या आसपास पिकणारे भोपळे, तुणीचं लाकूड आणि लाखेचं पॉलिश या साहित्यावर मिरजेने असा तंबोरा घडवला की देशभरचे गवई त्यासाठी तिथे येऊ लागले. २०२४ साली मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पोलादाला झिलई देणाऱ्या हातांना एक गोष्ट आधीच ठाऊक असणार, की झिलई वरून थापायची नसते, वस्तूतूनच बाहेर काढायची असते. लाकडाकडे येताना ते हात हीच समज घेऊन आले, असं मला वाटतं. सितारमेकर गल्लीतल्या एका वृद्ध कारागिराने मला हेच आपल्या भाषेत सांगितलं होतं: "पॉलिश दिसलं नाही पायजे. लाकूड दिसलं पायजे."

जगाच्या दुसऱ्या टोकालाही हाच निष्कर्ष निघाला. इटलीतल्या क्रेमोना गावच्या स्ट्राडिवारी या वाद्यकाराच्या व्हायोलिनचं पॉलिश हे कैक वर्षं गूढ मानलं गेलं. काहींनी त्यात दुर्मीळ राळ शोधली, काहींनी गुप्त कृती. पॅरिसच्या संगीत संग्रहालयातल्या त्याच्या पाच वाद्यांचं पृथक्करण २००९ साली प्रसिद्ध झालं. लाकडात जिरलेला एक थर निव्वळ वाळणाऱ्या तेलाचा, चित्रकार वापरतात तशाच तेलाचा. त्यावर तेल आणि पाइनसारख्या झाडाच्या राळेचा दुसरा पातळ थर, काही वाद्यांत त्यात थोडा लाल रंग. गुप्त असं काही निघालं नाही. साधं साहित्य, पातळ थर, आणि हे सगळं कुठे किती घ्यायचं हे जाणणारा हात.

आणि आमच्या पालघर जिल्ह्यात तर असं वाद्य आहे ज्याला पॉलिशच नाही. वारली पाड्यांवरचा तारपा भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा, ताडाच्या पानांच्या कर्ण्याचा असतो. सांधे मेणाने बुजवलेले असतात. त्याचं आवरण म्हणजे वाजवणाऱ्याचा हात. वर्षानुवर्षं तळवा घासून भोपळ्याला तांबूस तुकतुकी येते. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठी संगीत नाटक अकादमीचा २०२२चा पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या हातातल्या वाद्याची छायाचित्रं सगळीकडे आली. वाद्याला सुंदर दिसण्यासाठी चकाकी लागतेच असं नाही, हे त्या भोपळ्याकडे बघून कुणालाही पटावं.

या सगळ्यातून मी जे शिकलो ते असं. कोणतंही पॉलिश लाकडाला हवेपासून पूर्ण तोडत नाही. लाखेचं नाही, तेलाचं नाही, कारखान्यात बनलेलं जाड प्लास्टिकचंही नाही. लाकूड कापल्यावर, घडवल्यावर, शंभर वर्षं झाल्यावरही ओल घेतं आणि सोडतं; पावसाळ्यात फुगतं, माघात आकसतं. पॉलिशचं काम ही ये-जा थांबवण्याचं नाही, तिचा वेग कमी करण्याचं आहे. एकाएकी फुगलं तर सांधा सुटतो, तबली तडकते. हळूहळू फुगलं तर लाकूड स्वतःच जुळवून घेतं. आणि वेग कमी करायला पातळ थर पुरतो. एकदा हे नीट समजलं की जाड थराचा मोह आपोआप जातो. पाच-सहा पातळ हात, प्रत्येक दोन हातांमध्ये पुरेसे कोरडे दिवस, आणि मग थांबणं. तार चढवण्याआधी आणखी काही आठवडे तंबोरी नुसती खुंटीला टांगून ठेवायची, कारण तेलाचा पापुद्रा वरून कडक झाला तरी आतून घट्ट व्हायचा असतो. आजच्या घाईच्या दिवसांत हे आठवडे कुणाला परवडत नाहीत, असं म्हणतात. मला वाटतं, जे वाद्य पन्नास वर्षं वाजायचं आहे त्याला हे आठवडे देणं आपल्याला परवडायलाच हवं.

म्हणून शेवटी एक विनंती. मराठी घरांमध्ये अजूनही कोपऱ्यात गवसणी घालून उभे असलेले तंबोरे खूप आहेत. आजीचा, आत्याचा, गाणं सुटलेल्या एखाद्या काकांचा. ते काळवंडलेले दिसतात, ठिकठिकाणी पॉलिश उडालेलं असतं. नव्याने वाजवायला काढताना कुणीतरी सुचवतं की घासून कोरं करून नवं चकचकीत पॉलिश मारून घ्या. तसं करू नका. आधी मऊ कोरड्या कापडाने धूळ काढा. मग मागच्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्यावर स्पिरीटचा एक थेंब घेऊन टेकवून बघा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं आहे, आणि लाखेचं असेल तर खरवडायची गरजच नाही; नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते. जाणत्या कारागिराकडून, दिवाळी ते होळीच्या कोरड्या दिवसांत, त्यावर दोन पातळ हात देऊन घ्या आणि घोडीला हात लावू देऊ नका. मिरजेत असं काम करून देणारे कारागीर आजही आहेत. त्यांना वेळ द्या, आणि "लवकर द्या" म्हणू नका.